दादाच्या शेजारची जागा

माझी वहिनी सत्यशीला हिच्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि त्यात मीही आले. मी तिची सख्खी नणंद. केडगावात पिठाची गिरणी चालवते, दिवसभर गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलते, त्यामुळे माझाही आवाज काही कमी नाही. पण वहिनी आवाज चढवतच नाही. ती नेवासा आगारात एसटीची कंडक्टर आहे. बायकांच्या राखीव सीटवर बसलेल्या बाप्याला ती "उठा" एवढंच म्हणते, आणि तो उठतो.

एकदा सोनईच्या बाजारादिवशी एक जण उठला नाही. कुणा पुढाऱ्याचा भाचा होता. तिकीट काढलंय, म्हणाला, आणि पाय आणखी पसरले. समोर एक पोटुशी बाई दांडा धरून उभी. वहिनीने दोरी ओढून एक घंटी दिली. भर रस्त्यात गाडी उभी राहिली. ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही. इंजिन बंद केलं आणि निवांत तंबाखू मळायला घेतली. लोक आधी वहिनीवर वैतागले, मग त्या भाच्यावर. शेवटी तो उठला, ती बाई बसली, आणि मगच वहिनीने दोन घंट्या दिल्या. तो ड्रायव्हर म्हणजे माझा दादा, वैजनाथ.

एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. या दोघांचा संसारही त्यावरच चालला. आगारात बरीच वर्षं दोघांना एकाच गाडीवर ड्युटी मिळाली. ड्युटीवर दादा बायकोला 'मास्तर' म्हणायचा, ते घरीही तोंडात बसलं. माणूस मोठा ऐटबाज. खाकीला रोज इस्त्री, बुटांना रोज पॉलिश, आणि गाडीत कुणी लेकराने ओकारी केली तरी हा आधी आपले कपडे बघायचा. त्यावरून आम्ही त्याला फार चिडवायचो.

तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. काठी टेकत चालायला लागला, पण शब्द परत आला नाही. दवाखान्यातून सोनईच्या घरी आणलं तेव्हा पहिले काही दिवस तो नुसता भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एके दिवशी डाव्या हातातली चांदीची अंगठी त्याने लोखंडी कॉटच्या दांड्यावर आपटली. टण. वहिनी परसात भांडी घासत होती, ती राखेच्या हातानेच धावत आली आणि त्याला धरून मोरीकडे घेऊन गेली. तिला काही विचारावं लागलं नाही. तेव्हापासून एक टोला म्हणजे थांब, माझं अडलंय; आणि दोन टोले म्हणजे ठीक आहे, चालू द्या. अडतं बहुतेक लघवीचंच. गोळ्याच तशा आहेत, त्याला फार वेळ धरवत नाही. टोला पडला की वहिनी असेल तिथून उठते. रजा संपल्यावर तिने ड्युटीही अशी मागून घेतली की दुपारपर्यंत घरी येता यावं, आणि तोवर तिची आई झुंबरबाई दादाजवळ बसते.

तर या माणसाला विमानात बसवलं, त्याची ही गोष्ट आहे. ती आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दादाची एकुलती एक लेक धनश्री हैदराबादला असते. तिला मुलगा झाला. बारसं खरं तर सोनईला व्हायचं, पण बाळ दिवसांआधी झालेलं, डॉक्टर प्रवास करू देईनात. मग ठरलं की आजोळानेच तिकडे जायचं. दादाने हे ऐकलं आणि कॉटवर दोन टोले दिले, पुन्हा दोन, पुन्हा दोन. झुंबरबाईने जुन्या नऊवारी साड्यांची बाळासाठी गोधडी शिवली. दादासाठी पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा शिवून घेतला, कारण तिथे व्याही असणार होते. मिरजगावचे आप्पासाहेब. दोघांची एकमेकांना टोमणे मारायची जुनी खोड. व्याह्यांसमोर दादाला ताठ उभं राहायचं होतं आणि नातवाला मांडीवर घ्यायचं होतं. तीन वर्षांत त्याने मागितलेली ही एवढीच गोष्ट.

रात्रभराची रेल्वे त्याला झेपली नसती, म्हणून जावयाने विमानाची तीन तिकिटं काढली. दादाचं, वहिनीचं आणि माझं. बाळाला पाळण्यात घालायला आत्येआजी म्हणून मीही हवी होते. आता या विमानवाल्यांची रीत ऐका. तिकिटाचे पैसे घेऊन झाले की मोबाईलवर खुर्च्यांचं चित्र येतं आणि प्रत्येक खुर्चीला वेगळा भाव असतो. खिडकीला एक, पुढच्या रांगेला एक, पाय लांब करायचे असले तर त्याहून जास्त. जावयाला वाटलं, नाही निवडली खुर्ची तरी काय बिघडलं, तीन माणसं एकाच तिकिटावर आहेत, एकत्रच बसवतील. कुणालाही तसंच वाटेल. मी गिरणीत दळण घेते तेव्हा पिठाचे पैसे घेतले की पीठ डब्यात भरून देते. डब्यात भरण्याचे वेगळे मागितले तर लोक डबा माझ्या डोक्यात घालतील.

शिर्डीचं विमानतळ काकडीच्या माळावर आहे. आम्ही भाड्याची गाडी करून वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. दारात एकाने चाकाची खुर्ची आणली तर दादाने काठी तिच्या दांड्यावर एकदाच आपटली. नको. कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत तो चालतच काउंटरपर्यंत गेला, आणि तिथल्या मुलीला वाटलं असणार की माणूस धडधाकट आहे. तिने तीन कागद दिले. दादा अगदी पुढे, मी मधे, वहिनी पार शेवटी.

"आमाला एका जागी द्या," वहिनी म्हणाली. "हे आजारी हायेत."

मुलगी गोड आवाजात म्हणाली, की शेजारच्या जागा पैशांच्या आहेत, त्या आधी निवडायला हव्या होत्या, आणि आजारी असल्याचं तिकीट काढतानाच कळवायला हवं होतं. आता फक्त याच शिल्लक आहेत. मी तिच्याशी भांडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वहिनीने माझा हात दाबला. जावयाने फोनवर दहादा बजावलं होतं, विमानात वाद घालू नका, खाली उतरवतात. वहिनीला बारसं चुकवायचं नव्हतं.

आत शिरल्यावर ती म्हणाली, "ही तर आपली निमआराम गाडी हाय." खरंच तसंच होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या आणि मधून वाट. पण संडास एकच, तोही मागे, वहिनीच्या खुर्चीला लागून. दादा तिथून सगळ्यात लांब. वहिनीने त्याला पुढे नेऊन बसवलं, पट्टा बांधला, आणि बघते तर काय, त्याच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी. सगळे लोक चढले, दार लागलं, तरी रिकामीच. वहिनी त्या जागेवर बसली. लगेच एक हवाईसुंदरी आली आणि म्हणाली, ही तुमची जागा नाही.

"कोनाची हाय मग?" वहिनीने विचारलं.

कुणाचीच नव्हती. विकली न गेलेली जागा होती. वहिनीने कमरेची पिशवी काढली, पैसे घ्या म्हणाली. तर आता घेता येत नाहीत, दार लागलंय, विमानाचा तोलही बिघडतो. म्हणजे रिकामी जाईल पण नवऱ्याशेजारी बायकोला मिळणार नाही. आमच्या लाल डब्यात कोंबड्या घेऊन चढणाऱ्या बाईलाही वहिनीने कधी असं वागवलेलं नाही.

वहिनी उठेना. लोक माना वळवून बघायला लागले. तेव्हा दादाने खुर्चीच्या हातावर अंगठीने दोन टोले दिले. ठीक आहे, चालू द्या. चारचौघांत त्याच्यामुळे तमाशा व्हायला नको होता. ते टोले ऐकून वहिनी गेली. मी माझ्या जागेवरून सगळं बघत होते, आणि मला त्या हवाईसुंदरीपेक्षा दादाचा जास्त राग आला.

विमान वर गेलं. आणि मग घंटी वाजली. टिंग.

मी वळून पाहिलं तर मागे वहिनी अर्धी उठलेली. आयुष्यभर घंटीवर जगलेली बाई, तिला वाटलं दादाने वाजवली. पट्ट्याशी झटापट करत ती वाटेत आली, तर तिला परत बसवलं. ही पट्ट्याच्या दिव्याची घंटी आहे, म्हणे, उठायचं नाही. ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा टिंग, पुन्हा वहिनी उठली, पुन्हा तिला बसवलं. या खेपेला जरा जोरात, इंग्रजीत. शेजारचा माणूस हसला. वहिनीने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि खाली मान घालून बसली. मग आणखी एकदा घंटी वाजली. मी वळून पाहिलं. वहिनी उठली नाही. विमानाची घंटी अशीच उगाच वाजते, हे तिला आता कळलं होतं.

ती घंटी दादाची होती.

हे आम्हाला उतरताना कळलं. उतरायचं दार मागे होतं. सगळे लोक वहिनीच्या खुर्चीजवळून दाराकडे सरकत होते, आणि दादाच्या पलीकडच्या रांगेत बसलेली एक बाई तिच्यापाशी थांबली. म्हणाली, "ते पुढचे बाबा तुमचे का? कधीपासून अंगठीने टकटक करत होते. मला काही कळेना, म्हणून मी वरचं बटण दाबलं. ती मुलगी आली, काय हवंय विचारलं, बाबांनी पुन्हा टकटक केलं. मग तिने त्यांना पाणी दिलं."

पाणी दिलं. ज्या माणसाला लघवी धरवत नव्हती त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि तो भला माणूस नको म्हणता येत नाही म्हणून ते पाणी प्याला.

विमान रिकामं झालं तरी दादा उठला नव्हता. डावा हात मांडीवर पसरून, खिडकीकडे तोंड करून बसला होता, शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे. पांढरा पायजमा मांड्यांपर्यंत ओला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.  वहिनीने पिशवीतून झुंबरबाईची गोधडी काढली, बाळासाठी घडी घालून ठेवलेली, कोरी, आणि दादाच्या कमरेभोवती गुंडाळली. मग त्याला उठवलं. चाकाची खुर्ची आली तेव्हा त्याने काठी आपटली नाही.

बाहेर आप्पासाहेब फेटा बांधून उभे होते. स्वभावाने वाईट माणूस नाही. दादाला बघून त्यांनी हात जोडले आणि नेहमीसारखी फिरकी घेतली. "काय डायवरसाहेब, एवढ्या उन्हात गोधडी? आभाळात हुडहुडी भरली का काय?"

"इमानात लई गार लागतं," वहिनी म्हणाली.

दादा मान खाली घालून बसला होता. आप्पासाहेबांना वाटलं, व्याही रागावला.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, सगळं रीतीप्रमाणे झालं. मग धनश्री बाळ घेऊन दादाकडे आली आणि वाकून त्याच्या मांडीवर ठेवायला लागली. दादाने अंगठी खुर्चीवर आपटली. एकदा. तिला समजलं नाही, तिने पुन्हा बाळ पुढे केलं. पुन्हा एकदा. तो आपल्या मांड्यांकडे बघत होता, आणि नातवाचं झबलं पांढरंशुभ्र होतं. धनश्रीला वाटलं, बाबा आपल्यावर चिडलेत, ती आत जाऊन रडली. वहिनीने तिला काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. सगळ्यांचा फोटो काढला, त्यात दादाची मांडी रिकामी आहे. या एका गोष्टीसाठी मी त्या विमानवाल्यांना या जन्मी माफ करणार नाही.

परतीच्या आदल्या दिवसापासून दादाने पाणी बंद केलं. ताटातली आमटीही बाजूला सारायला लागला. ओठ सुकून पांढरे पडले. धनश्रीला काही ठाऊक नव्हतं, पण येताना आम्ही वेगवेगळे बसलो होतो एवढं तिला कळलं होतं. ती मोबाईल घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, या वेळी जागेचे पैसे भरते मी."

"भरू नको."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, भरून टाकू दे. कशाला हट्ट करतेस? दादाचा जीव चाललाय."

वहिनी माझ्याकडे वळली. "ताई, मी कितीक वर्सं जागा देते लोकांना. आजाऱ्याला दिली, म्हाताऱ्याला दिली, लेकुरवाळीला दिली. त्याचं येगळं तिकीट कधी फाडलं न्हाई. माझ्या नवऱ्याशेजारी बसायला मी कोनाला पैसे देऊ? आन आज दिले तर उद्या दुसरी कोन देनार हाय? जिच्याकडं नसत्याल, तिनं काय करायचं?"

मी चिडले. भरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि त्या लोकांना तेच हवं असतं.

परतीच्या विमानात दादा पुन्हा पुढेच आला, वहिनी मधे, आणि मी पार मागे. वहिनीने दादाला बसवलं आणि शेजारच्या खिडकीच्या जागेवर स्वतः बसली. इतक्यात त्या जागेचा मालक आला. संगमनेरचा कुणी व्यापारी असावा, मराठी बोलत होता. त्याने वाद घातला नाही, पण म्हणाला, "मावशी, ही माझी जागा आहे. मी पैसे भरलेत हिचे." हवाईसुंदरी लगेच आली आणि वहिनीला उठायला सांगायला लागली. मागे माणसं तुंबली.

वहिनी उठली. मधल्या वाटेत उभी राहिली, पाय जरा फाकवून, जशी ती चालत्या गाडीत उभी राहते. आधी तिने दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "सांगू का?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग वाटेत उभ्या असलेल्या लोकांकडे. त्याचा हात खुर्चीवर नुसताच पडून होता.  मी मागून टाचा उंच करून बघत होते आणि मला वाटलं, हा आता एक टोला देणार, आणि पुन्हा तेच सगळं होणार.

त्याने दोन टोले दिले.

वहिनी त्या व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, तुमचं बरोबर हाय. जागा तुमची, पैसे तुमी भरले. बसा. माझा नवरा बोलत न्हाई. त्यांनी एकदा टोला दिला की त्यांना लघवी लागलेली असती. तवा तुमी त्यांना उठवायचं, काखेत धरून मागं न्यायचं, नाडी सोडायची, धरून उभं करायचं, परत नाडी बांधायची आन जागेवर आनून बसवायचं. उशीर करायचा न्हाई, येताना झाला हुता, त्यांचे कपडे खराब झाले. जमतंय का बघा."

तिने आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द ऐकू आला. कुणी हसलं नाही. व्यापाऱ्याने बॅग उचलली. हवाईसुंदरी मधे पडून म्हणाली, की जागा बदलता येणार नाही, नियम आहे.

"मग बाई, तुमी बसा," वहिनी तिला म्हणाली. "तुमाला जमतंय का सांगा."

ती पोर कानापर्यंत लाल झाली. तिला नोकरी करायची होती, तिचा काय दोष, असं लोक म्हणतील. म्हणोत. ज्याचा दोष होता तो त्या विमानात नव्हता, आणि तो कधीच नसतो. व्यापारी तोवर वहिनीच्या जागेवर जाऊन बसलाही होता. खिडकीचे पैसे भरून वाटेवरच्या खुर्चीत. ते पैसे त्याला कुणी परत देणार नव्हतं. कंपनीचं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही.

मी मागे संडासाच्या दाराशी बसले होते. विमान उडायच्या आधी वहिनीने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि दादाच्या तोंडाला लावली. तो प्याला. थांबून थांबून, अर्धी बाटली प्याला.

वर गेल्यावर घंटी वाजली. टिंग. मी लगेच पुढे पाहिलं. खुर्चीच्या वर वहिनीचा अंबाडा दिसत होता आणि शेजारी दादाची टोपी. अंबाडा हलला नाही. पुन्हा वाजली, पुन्हा वाजली, तरी नाही.

मग एकदा कसलीच घंटी वाजली नव्हती, निदान मला तरी ऐकू आली नव्हती, आणि वहिनी उठली. दादाला काखेत धरून तिने मधल्या वाटेने आणलं. लोकांनी पाय आत घेतले. मी उठून संडासाचं दार उघडून धरलं.